बावीस हुकांचा जांभळा झगा

गेली सहा वर्षं मी अंधारात कपडे बदलण्याचं काम केलं. माझे नव्हे, दुसऱ्यांचे. आमच्या मराठी मंडळात या वाक्यावर एकदा चांगलाच हशा झाला होता, म्हणून आधीच लिहून टाकते. मंडळाच्या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "शैलाकाकू, तुम्ही ब्रॉडवेवर होतात ना? मग नटनट्यांचे किस्से येऊ द्यात, जरा चमचमीत!" मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्याजवळ चमचमीत असं फारसं नाही. थोडं हसण्यासारखं आहे, तेवढं आधी वाढते. मग एक गोष्ट आहे, ती मी घराबाहेर आजवर कुणाला सांगितलेली नाही.

माझा हुद्दा ड्रेसर. आपल्याकडे नाटकाच्या दौऱ्यावर कपडेपट सांभाळणारा एखादा माणूस असतो. ट्रंका, इस्त्री, सुईदोरा सगळं त्याच्याच गळ्यात. इथे ते एक मोठं खातं असतं. संगीत नाटकात माणसं नाचून-गाऊन घामाघूम होतात आणि पुढच्या प्रवेशात त्यांना पार वेगळ्या वेषात यायचं असतं. गाणं संपवून नटी विंगेत आली की पुन्हा रंगमंचावर जाईपर्यंत कधी कधी चाळीस सेकंदसुद्धा मिळत नाहीत. विंगेत काळ्या पडद्यांचं एक खोपट असतं. तिथे मी कपडे उलट्या क्रमाने मांडून, बुटांच्या नाड्या सोडून, दातात बारीक टॉर्च धरून गुडघ्यावर बसलेली असायची. नटीने फक्त हात वर करायचे आणि पाय उचलायचा. बाकी सगळं आम्ही. लहान मुलाला शाळेसाठी तयार करतो तसंच, फक्त हे मूल सहा फुटी आणि निथळत असतं.

मखमलीचे, जरीचे कपडे रोज धुता येत नाहीत. त्यांच्यावर स्वस्तातली व्होडका फवारतात. खोटं नाही, सगळीकडे हीच पद्धत आहे. घामाचा वास जातो आणि कापडाला डाग पडत नाही. पहिल्या आठवड्यात मी हे काम करून ट्रेनने जर्सी सिटीला घरी आले, तेव्हा माझा नवरा मिलिंद दारातच थबकला आणि म्हणाला, "शैला, तुला नोकरी नक्की कुठे लागलीये?"

एक गायक नट होता. त्याला डावा मोजा आधी घातला नाही तर तो रंगमंचावर जायचा नाही. एकदा ऐन वेळी दुसऱ्या एका नटाची पँट मागून उसवली. अंधारात मी ती भराभर शिवली, दोरा तोडला, "जा" म्हटलं. तो निघाला, आणि त्याच्यामागे मीही निघाले. माझी बाही मी त्याच्या पँटला शिवली होती. रंगमंच दोन पावलांवर असताना मी स्वतःची बाही कापून सुटले. तो तसाच गेला आणि पूर्ण गाणंभर त्याच्या पाठीमागे माझ्या फुलाफुलांच्या कापडाचा तुकडा लोंबत होता. प्रेक्षकांना ती भूमिकेची गंमत वाटली. त्याला त्या दिवशी जास्त टाळ्या मिळाल्या, हे त्याने मला कधी माफ केलं नाही.

या कामात मी आले ती ग्लोरियामुळे. ग्लोरिया एका नाट्यगृहात कपडेपटाची प्रमुख. साठीची, बुटकी, आवाजाने खणखणीत. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायची. आम्ही नागपूरहून इथे आलो ते मिलिंदच्या व्हिसावर. मला काम करायची परवानगी नव्हती, म्हणून मी घरी बसून ओळखीच्यांना ब्लाउज शिवून द्यायची. २००१ साली ग्रीन कार्ड आलं. पुढच्या वर्षी एका दुपारी खालच्या लाँड्रीरूममध्ये मी कुणाच्या तरी जॅकेटची चेन बसवत होते. ग्लोरियाने ते जॅकेट माझ्या हातातून काढून घेतलं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे आतलं कापड कापून का नाही टाकलंस?" मी म्हटलं, माझी मालतीआत्या नागपुरात शिवणक्लास चालवायची. शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड कधी कापायचं नाही, हा तिचा पहिला धडा. माणूस आज बारीक असतो, उद्या जाड होतो. ग्लोरिया म्हणाली, "सोमवारी ये."

ग्लोरियाची एक वही होती. काळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड. कुठल्याही कपड्याला सुई लागली की त्यात नोंद करायची: तारीख, कुणाचा कपडा, काय केलं, किती इंच. बटण बदललं तरी नोंद. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "मेकअपरूममध्ये जे ऐकशील ते विसरायचं. कपड्याला जे करशील ते लिहायचं. बस, दोनच नियम." मी सहा वर्षांत दुसरा नियम एकदाच मोडला.

२००६ च्या सप्टेंबरात आमच्याकडे नवं नाटक लागलं. समुद्रकाठच्या एका जुन्या बोर्डिंग हाउसची, म्हणजे खोली आणि जेवण भाड्याने देणाऱ्या घराची, गोष्ट होती, आणि त्या घराच्या मालकिणीच्या भूमिकेसाठी लंडनहून एक नटी आणली होती. तिचं नाव डोरीन. वय अठ्ठावन्न. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं आणि इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण माझ्या जिभेला ते वळेना. आमच्या घरात त्यांचं नाव 'डोरीनबाई' पडलं. इथेही तसंच लिहिते.

डोरीनबाईंचं इंग्रजी आपण सिनेमात ऐकतो तसलं नव्हतं. उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा किनाऱ्यावरचं, आखूड आणि ठसकेबाज. पहिले दोन आठवडे मला त्यांचं अर्धंच कळायचं, त्यांना माझं पाव. बायकांना, दरवानाला, सगळ्यांना त्या 'लव्ह' म्हणायच्या. त्यांची आई खरोखरच एका बोर्डिंग हाउसमध्ये खोल्या झाडायची. वडील नव्हते. नवव्या वर्षी बाई समुद्रातल्या धक्क्यावरच्या खेळात नाचायला लागल्या आणि सोळाव्या वर्षी लंडनला पळाल्या. धाकटी बहीण जीन आईजवळ राहिली आणि कपड्यांच्या कारखान्यात लागली.

"आणि मग तुम्ही मोठ्या नटी झालात," मी म्हटलं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मी त्यांच्या केसांना पिना लावत होते.

"छे गं," त्या आरशातून म्हणाल्या. "मी तीस वर्षं अंडरस्टडी होते."

अंडरस्टडी म्हणजे दुसऱ्याची भूमिका पाठ करून बसलेला माणूस. सगळे संवाद, सगळी गाणी, सगळ्या हालचाली तोंडपाठ. रोज नाट्यगृहात यायचं, मुख्य नटी धडधाकट आहे की नाही ते बघायचं आणि वरच्या खोलीत विणत बसायचं. "मी रोज देवाला दोन गोष्टी मागायची," बाई म्हणाल्या. "हिला सुखी ठेव. आणि हिला आज ताप येऊ दे."

एकदा तो ताप आला. पॅट्रिशिया नावाच्या नटीच्या पोटाचं ऑपरेशन निघालं आणि डोरीनबाई तिच्या जागी उभ्या राहिल्या. पॅट्रिशिया महिनाभराने परत येणार होती. तिने आपली लिपस्टिक आरशापुढे तशीच ठेवली होती. बाईंनी ती हलवली नाही, बाजूला जागा करून आपलं सामान मांडलं. पण लोकांना बाई आवडल्या. पॅट्रिशिया बरी होऊन आली तेव्हा दारावर बाईंच्या नावाची पाटी होती. "ती काहीच बोलली नाही गं," बाई म्हणाल्या. "लिपस्टिक उचलली, पर्समध्ये टाकली आणि मला शुभेच्छा देऊन गेली." ते नाटक चार महिन्यांत बंद पडलं आणि बाई पुन्हा वरच्या खोलीत विणायला जाऊन बसल्या. त्यानंतर थेट ही अमेरिकेतली भूमिका. पहिल्या दिवसापासून त्यांची, कुणाच्या आजारपणातून न आलेली.

या भूमिकेत दुसऱ्या अंकात त्यांचं एक मोठं गाणं होतं. बोर्डिंग हाउस विकलं गेलेलं आहे आणि ही बाई जांभळ्या मखमलीच्या झग्यात रिकाम्या जेवणघरात येते, आणि एकेका खुर्चीला तिथे बसणाऱ्या माणसाच्या नावाने हाक मारते. गाऊन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भलतंच येतं, म्हणून झगा म्हणते. पाठीवर मानेपासून कमरेखालपर्यंत बावीस हूक. ते मी अडतीस सेकंदांत लावायची. मग त्यांच्या आधीच्या चपला हातात घेऊन विंगेत उभी राहून गाणं ऐकायची. मला इंग्रजी गाण्यातलं काही कळत नाही. पण शेवटच्या खुर्चीपाशी बाई हाक मारता मारता थांबायच्या, आणि नाट्यगृहात खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. बुधवारी दुपारचा प्रयोग असतो. मी हूक लावत गेले आणि कमरेशी माझी दोन बोटं आत गेली. मालतीआत्या टेपपेक्षा बोटांवर भरवसा ठेवायची, ती सवय मलाही आहे. महिन्यापूर्वी तिथे एक बोट जात नव्हतं.

प्रयोगानंतर मी म्हटलं, "झगा सैल झालाय. आत घ्यावा लागेल."

"घे ना."

"वहीत लिहून येते."

बाईंनी माझं मनगट धरलं. "लिहू नकोस, लव्ह. ग्लोरिया बघेल, कंपनीच्या मॅनेजरला सांगेल, तो मला डॉक्टरकडे पाठवेल. वर केटी बसलीय. चांगली पोर आहे. तिला सगळं पाठ आहे." केटी म्हणजे त्यांची अंडरस्टडी.

"पण काही झालं असलं तर?"

"काही नाही झालेलं. दडपण आलं की मला जेवण जात नाही, पहिल्यापासून." मग म्हणाल्या, "माझा व्हिसा या नाटकाचा आहे. नाटक सुटलं की मी विमानात. मार्चमध्ये जीन येणार आहे. ती आयुष्यात विमानात बसलेली नाही. मला मुख्य भूमिकेत तिने कधीच पाहिलेलं नाही. पॅट्रिशियाच्या वेळी आई आजारी होती, जीनला निघता आलं नाही. जीन येऊन जाऊ दे. मग तू वहीत लिही, मी स्वतः डॉक्टरकडे जाते."

व्हिसाचं नाव निघालं आणि माझं डोकं चालेनासं झालं. तो शब्द आमच्या घरात बारा महिने उशाशी असायचा. व्हिसाच्या दिवसांत मिलिंदला कावीळ झाली होती. नव्या कंपनीत लागून दोन महिने झाले होते, रजा मागितली तर काय होईल या भीतीने तो तसाच ऑफिसला जात राहिला. पिवळे डोळे दिसू नयेत म्हणून गडद काचांचा चष्मा मीच त्याला आणून दिला होता. डब्यात मऊ भात, तूप बंद, तेल बंद. त्यातून तो उठला, नोकरी राहिली, ग्रीन कार्ड आलं. आजार झाकून दिवस काढता येतात हे माझं स्वतःचं शहाणपण होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी हूक अर्धा इंच सरकवले. वहीत लिहिलं नाही.

नोव्हेंबरात आणखी अर्धा इंच. मग एक. डिसेंबरात नुसते हूक सरकवून भागेना, कारण झगा लहान होत चालला तर बाई लहान झाल्याचं समोरून दिसलं असतं. मग मी आतून कापसाचा पातळ थर बसवला. आधी कमरेच्या बाजूंना, मग पाठीला, मग दंडांना. कुठे फुगवटा नाही, कुठे चुणी नाही. आतलं कापड एक सूतभरही कापलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ शिवलं, पण इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नाही आणि नंतरही नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होता.

नाताळाच्या आसपास ग्लोरियाने विंगेतून बाईंना पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बाकी सगळ्यांचे कपडे लोंबायला लागलेत. डोरीनचा झगा बघ, पहिल्या दिवशी होता तस्सा. शाब्बास." मी हसून थँक्यू म्हटलं.

घरी मी मिलिंदला सगळं सांगितलं. तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "लिहून टाक वहीत."

"तुझ्या वेळी आपण काय केलं होतं, विसरलास?"

"नाही विसरलो. आपण मूर्खपणा केला होता, शैला. मी वाचलो ते नशीब. वाचलो म्हणून तो मूर्खपणा शहाणपणा होत नाही."

आमची मुलगी ईशा तेव्हा कॉलेजात होती. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, जस्ट टेल समवन!" मी दोघांवरही चिडले. तुम्हाला काय कळतंय, तिची एकच इच्छा आहे, असं काहीबाही बोलले. पुढे आठवडाभर घरात तो विषय कुणी काढला नाही.

जानेवारीच्या शेवटी एका ढगाळ दुपारी डोरीनबाई गडद काचांचा चष्मा लावून आल्या. मेकअपरूममध्ये बसल्या तरी तो काढेनात. मी दार लावलं, पुढे झाले आणि माझ्या हाताने तो चष्मा काढला. डोळे हळदीसारखे पिवळे.

"डॉक्टरकडे जाऊन आले मी," त्या घाईने म्हणाल्या. "लिव्हर जरा सुजलंय म्हणे. औषध दिलंय."

त्या खोटं बोलत होत्या हे मला तिथल्या तिथे कळलं. टेबलावर औषधाची एक गोळीही नव्हती. पण मला ते खोटं हवं होतं. लिव्हर म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे पथ्य. आमच्या नागपूरकडे कावीळ झाली म्हणून कुणी रडत बसत नाही. महिनाभर उसाचा रस पितात आणि उठतात. मला कावीळ ओळखता येत होती, आणि ओळखता येते म्हणजे ती कळली असंच मी धरून चालले. जीन यायला पाच आठवडे राहिले होते. दुसऱ्या दिवसापासून मी डब्यात मऊ भात आणि मेतकूट नेऊ लागले, तूप न घालता. बाई चार घास खायच्या. "याला काय म्हणतात गं?" रोज विचारायच्या आणि रोज विसरायच्या. मी समोर बसून तो डबा संपवायला लावायची आणि वाटायचं, मी यांची काळजी घेते आहे.

रंगमंचावर मात्र काही कळत नव्हतं. रंगाचा थर जाड, दिवे केशरी. आवाज आधीपेक्षा बारीक झाला होता, पण गाणंच मोडून पडलेल्या घराचं. पेपरातल्या एका समीक्षकाने तर लिहिलं की दिवसेंदिवस ही भूमिका अधिक खोल होत चालली आहे.

मार्चच्या पहिल्या बुधवारी जीन आल्या. पाचव्या रांगेत, मधोमध, तपकिरी कोट मांडीवर घडी करून बसलेली ठेंगणी बाई. मी पडद्याच्या फटीतून पाहून बाईंना सांगितलं, "आल्या." डोरीनबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. त्या दिवशी विंगेत आल्या तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. मी एका हाताने त्यांना माझ्या खांद्यावर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने हूक लावले. मखमल, कापूस, आणि त्याखाली मोजता येतील अशा बरगड्या. बावीस हूक अडतीस सेकंदांतच लागले. माझा हात चुकला नाही.

ते गाणं त्या दिवशी कसं झालं ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या खुर्चीपाशी बाई थांबल्या ते इतका वेळ, की मला वाटलं आता पडतात. मग त्यांनी ती हाक मारली. लोक उभे राहिले. मी चपला छातीशी धरून रडत होते, आणि मनात म्हणत होते, जमलं. आपण जमवलं.

जीन मेकअपरूममध्ये आल्या. बहिणीकडे पाहिलं आणि तिला मिठी मारली. मी कोपऱ्यात उभी होते. जीनचे हात बाईंच्या पाठीवर फिरले आणि थबकले. मग कमरेशी आले, दंडाशी आले. चाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात घालवलेले हात ते. त्यांनी बाईंना हळूच वळवलं, पाठीवरचे वरचे चार हूक काढले, आत बोट घातलं आणि कापसाची कड चाचपून पाहिली.

"हे कुणी शिवलंय?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

जीन माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "फार सुबक शिवलंयस," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. कोट बहिणीच्या खांद्यावर टाकला आणि तिला घेऊन थेट हॉस्पिटलात गेल्या. संध्याकाळच्या प्रयोगाला केटी उभी राहिली, तिच्या अंडरस्टडीच्या कपड्यांत. दोन दिवसांनी कळलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. आठवडाभरात बहिणी विमानाने घरी गेल्या. जाताना डोरीनबाईंनी मला हॉस्पिटलातून फोन केला होता. "जीनने पाहिलं ना गं?" त्यांनी विचारलं. "ती कुठे बसली होती, मला नीट दिसली नाही." मी सांगितलं, पाचव्या रांगेत, मधोमध. "हां," त्या म्हणाल्या, "मग दिसलं असेल तिला सगळं."

पुढच्या सोमवारी नाट्यगृहाला सुट्टी होती. झगा केटीच्या मापाचा करायचा म्हणून ग्लोरियाने मला बोलावलं. केटीचं माप बाईंच्या सप्टेंबरातल्या मापाएवढंच होतं. मला फक्त माझं काम उसवायचं होतं. दुपारभर बसून मी उसवलं. दंडांचा कापूस निघाला, पाठीचा, कमरेचा. टेबलावर त्याचा ढीग झाला, एका लहान उशीएवढा. आतलं कापड सगळं शाबूत होतं, त्यामुळे झगा चटकन मूळ मापावर आला. मग मी वही ओढली आणि सगळ्या नोंदी आठवून लिहिल्या. ऑक्टोबर, अर्धा इंच. नोव्हेंबर, अर्धा. नोव्हेंबर, एक. अशा करत फेब्रुवारीपर्यंत.

ग्लोरियाने उभ्याउभ्याच ते पान वाचलं. मग खुर्चीवर बसली आणि पुन्हा वाचलं. ढिगातला कापूस हातात घेऊन तिने तो मुठीत दाबला.

"पहिल्या अर्ध्या इंचाला का नाही लिहिलंस?"

"त्यांनी लिहू नकोस म्हणून सांगितलं."

"त्या सांगणारच," ग्लोरिया म्हणाली. "त्यांना रंगमंचावर जायचं असतं. तुटलेल्या पायावर उभ्या राहतील त्या. म्हणून तर वही आहे, शैला. ती कपड्यांसाठी नाही."

तिने मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

मे महिन्यात जीनचं पत्र आलं. डोरीनबाई बहिणीच्या घरी, समुद्राकडच्या खोलीत वारल्या. पत्राच्या शेवटी जीननी लिहिलं होतं की ऑक्टोबरात कळलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित काही नाही. कदाचित एक उन्हाळा. 'तो एक उन्हाळा तिने तुमच्या नाटकासाठी आनंदाने दिला असता,' जीननी लिहिलं होतं, 'पण तो माझाही होता, आणि मला कुणी विचारलं नाही.' त्या पत्राचं उत्तर मी चार वेळा लिहिलं. एकही पाठवलं नाही.

त्यानंतर सव्वा वर्ष मी तिथे काम केलं. या उन्हाळ्यात सोडलं. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही आहे.

आता पुन्हा घरी ब्लाउज शिवते. मंडळातल्या मुली येतात, "काकू, तुमचा हात किती सुबक आहे हो" म्हणतात. गणपतीच्या आधी आमच्या वरच्या मजल्यावरची अनुजा आली होती. बँकेत आहे, तिशीची. गेल्या वर्षी मीच शिवलेले तीन ब्लाउज घेऊन आली. "काकू, हे दोन-दोन इंच आत घ्या ना प्लीज. संडेला घालायचेत."

मी ब्लाउज तिच्या अंगावर धरला, बोटं घालून पाहिलं आणि विचारलं, "केव्हापासून?"

"काय केव्हापासून? अहो डाएट करतेय मी. जिम जॉइन केलंय."

"डॉक्टरकडे जाऊन आलीस का?"

"काकू, काय हे! मी एकदम ओके आहे."

"मग ब्लड टेस्ट करून ये. रिपोर्ट दाखव, त्याच दिवशी शिवून देते."

ती आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाही. तिन्ही ब्लाउज उचलून, मोठ्यांदा दार लावून गेली. लिफ्टमध्ये भेटते तेव्हा बोलत नाही. मिलिंद म्हणतो, "शैला, पोरगी रागावली ना तुझ्यावर."

रागावू दे.